आठ पौंड, सहा क्वार्टर गहू, आठ क्वार्टर माल्ट: कॉलेजच्या दप्तरातले चर्चचे हिशेब कसे वाचावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑक्सफर्डच्या एका जुन्या कॉलेजच्या दप्तरात एका गावाची पेटी आहे. तीत भाडेपट्टे, पाद्र्यांची पत्रे, दशांशाच्या, म्हणजे चर्चला द्यायच्या पिकाच्या दहाव्या भागाच्या, याद्या आणि नेमणुकांचे कागद एकत्र बांधलेले आहेत. त्यावरून १६०० ते १८५० या काळात गावच्या पाद्र्याला किती मिळत होते आणि कॉलेजला किती, हे काढायचे आहे. पट्ट्यांवर मात्र भाडे जवळजवळ अडीचशे वर्षे 'आठ पौंड, सहा क्वार्टर गहू, आठ क्वार्टर माल्ट' असेच आहे (क्वार्टर हे धान्याचे माप, माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली). इतकी वर्षे भाडे वाढलेच नाही, असे कसे?

भाडे वाढले नाही, पैसा वाढला. त्याचा उलगडा पुढे करतो. आधी पेटीतल्या प्रत्येक कागदाला एक प्रश्न विचारायची सवय लावा: इथे कॉलेज कोण म्हणून सही-शिक्का करते आहे? एकाच गावात कॉलेज तीन वेगळ्या नात्यांनी असू शकते, आणि या विषयातल्या बहुतेक चुका ती तीन नाती एकाच बेरजेत घातल्यामुळे होतात.

पहिले नाते पेट्रनचे. गावचा पाद्री कोण असावा हे सुचवण्याचा हक्क, म्हणजे अॅडव्हाउझन. इंग्लिश कायद्यात त्या काळी ही मिळकत होती. ती विकता येई, विकत घेता येई, मृत्युपत्राने देता येई. पाद्र्याच्या त्या पदाला आणि त्यासोबतच्या उत्पन्नाला लिव्हिंग म्हणतात. कॉलेज नाव सुचवते, बिशप त्याला पदावर स्थापतो, आर्चडीकन (बिशपच्या हाताखालचा अधिकारी) किंवा त्याचा प्रतिनिधी त्याला चर्चचा प्रत्यक्ष ताबा देतो. जागा रिकामी झाल्यापासून सहा महिन्यांत कॉलेजने नाव दिले नाही तर त्या खेपेपुरता हक्क त्या काळी बिशपकडे जाई, तिथून सहा महिन्यांनी आर्चबिशपकडे आणि मग राजाकडे. म्हणून एखाद्या वेळी कॉलेजऐवजी बिशपने नेमलेला पाद्री दिसला, तर कॉलेजने हक्क विकला असा निष्कर्ष लगेच काढू नका. आधी रिकामपणाचे महिने मोजा. आणि मुख्य गोष्ट: या हक्कातून कॉलेजच्या तिजोरीत वार्षिक एक पेनीही येत नाही.

दुसरे नाते रेक्टरचे. गावच्या पिकाचा दशांश मुळात रेक्टरचा. मध्ययुगात मठांनी आणि कॉलेजांनी परवानग्या मिळवून रेक्टरचे पदच स्वतःच्या नावावर करून घेतले, म्हणजे संस्थाच रेक्टर झाली आणि गावात पूजाअर्चेसाठी व्हिकर ठेवला. व्हिकर या शब्दाचा मूळ अर्थच 'बदली माणूस' असा आहे. ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजकडे अॅडरबरी होते ते या नात्याने. मठ बरखास्त झाल्यावर त्यांची रेक्टरपदे सरदारांकडे गेली तशी कॉलेजांकडेही गेली. आठव्या हेन्रीने १५४६ साली उभी केलेली ऑक्सफर्डचे क्राइस्ट चर्च आणि केंब्रिजचे ट्रिनिटी ही याची मोठी उदाहरणे. इथे मात्र खरा पैसा आहे.

तिसरे नाते साध्या जमीनदाराचे: गावातली मॅनर (जहागीर) किंवा शेते कॉलेजच्या मालकीची. मर्टन कॉलेजचे कक्सहॅम हे याचे प्रसिद्ध उदाहरण. या मिळकतीचा चर्चशी काही संबंध असेलच असे नाही.

तिन्ही नाती एकाच गावात असू शकतात, कोणतेही एकच असू शकते, आणि शतकानुशतके बदलूही शकतात. त्यात आणखी एक सापळा. १६०६ आणि १६८९ च्या कायद्यांनी कॅथलिक पेट्रनांचा नेमणुकीचा हक्क विद्यापीठांना दिला, दक्षिणेकडचा ऑक्सफर्डला आणि उत्तरेकडचा केंब्रिजला. ही नेमणूक विद्यापीठाची, कॉलेजची नव्हे. अशा नोंदीत कॉलेजचा फेलो, म्हणजे कॉलेजचा निवडलेला सदस्य, नेमलेला दिसला तरी ते लिव्हिंग कॉलेजच्या यादीत घालू नका.

'रेक्टरी' या शब्दाचीही हीच गत. पाद्र्याचे घर म्हणजे रेक्टरी, आणि दशांश, ग्लीब म्हणजे चर्चची शेतजमीन, कोठार हे सगळे मिळून होणारा उत्पन्नाचा गठ्ठा म्हणजेही रेक्टरी. 'रेक्टरीचा पट्टा' म्हटले की जवळजवळ नेहमी दुसरा अर्थ. घर भाड्याने दिले असे समजून पुढे गेलात तर सगळा हिशेब फसतो.

आता ते आठ पौंड.

१५७१ च्या कायद्याने कॉलेजांना आपली मिळकत २१ वर्षे किंवा तीन हयाती (नावे दिलेल्या तीन माणसांपैकी शेवटचा मरेपर्यंत) यांपेक्षा जास्त मुदतीने देता येईना. शहरांतल्या घरांना पुढच्याच वर्षी ४० वर्षांची सवलत मिळाली. मग १५७६ साली आणखी एक कायदा आला. जुन्या भाड्याचा निदान तिसरा भाग धान्यात लावायचा: गहू क्वार्टरला ६ शिलिंग ८ पेन्स आणि माल्ट क्वार्टरला ५ शिलिंग या दराने. भाडेकरूने धान्य घालावे, नाहीतर कायद्याने ठरवलेल्या बाजारातल्या, म्हणजे आपल्या बाबतीत ऑक्सफर्डच्या, चालू भावाने पैसे भरावेत. कायद्यातला दर एकदाच वापरायचा, क्वार्टर किती हे ठरवायला. त्यानंतर आकडा क्वार्टरचा. भाव दर वर्षीचा.

तुमच्या पट्ट्यावरून उलटे गणित मांडा. सहा क्वार्टर गहू गुणिले ६ शिलिंग ८ पेन्स म्हणजे ४० शिलिंग, दोन पौंड. आठ क्वार्टर माल्ट गुणिले ५ शिलिंग म्हणजे पुन्हा दोन पौंड. रोख आठ. एकूण बारा पौंड: हे १५७६ च्या आधीचे जुने भाडे. कायद्याच्या आधीचा पट्टा सापडला तर त्यावर बारा पौंडच असायला हवेत. नसतील तर मधे जमीन तुटली किंवा जोडली गेली आहे. ही पडताळणी पहिल्याच दिवशी करून टाका.

समजा, एखाद्या वर्षी बाजारात गहू ४० शिलिंग आणि माल्ट २० शिलिंग क्वार्टर आहे. सहा क्वार्टरचे २४० शिलिंग, म्हणजे १२ पौंड. आठ क्वार्टरचे १६० शिलिंग, म्हणजे ८ पौंड. रोख ८ मिळवले की २८ पौंड. पट्ट्यावरचा एक शब्दही न बदलता भाडे बारावरून अठ्ठावीसवर गेले. हा धान्याचा पैसा फेलोंच्या जेवणाखाण्यासाठी, असे कायद्यातच होते, म्हणून पुष्कळ कॉलेजांत तो बर्सरच्या, म्हणजे कॉलेजच्या खजिनदाराच्या, मुख्य वहीत सरळ दिसत नाही. त्याची वेगळी वही किंवा वेगळे पान असते. मुख्य वहीत फक्त आठ पौंड पाहून थांबणारे इथेच चुकतात.

पण हेही सगळे नाही. मोठी रक्कम नजराण्याची. आपल्याकडे सनद नवी करून घेताना द्यावा लागणारा नजराणा ज्यांनी दप्तरांत पाहिला आहे त्यांना हा व्यवहार लगेच ओळखू येईल. इंग्लिश कागदांत त्याला 'फाइन' म्हणतात, आणि दंड या अर्थाशी त्याचा काही संबंध नाही. २१ वर्षांचा पट्टा पूर्ण संपू देत नसत. साधारण दर सात वर्षांनी जुना पट्टा परत करून नवा २१ वर्षांचा करायचा आणि वाढवून मिळालेल्या सात वर्षांसाठी एकरकमी नजराणा भरायचा. ४० वर्षांच्या पट्ट्याला चौदा वर्षांनी. नजराण्याचा आधार मिळकतीचे खरे वार्षिक उत्पन्न वजा ठरलेले भाडे. आधी साधारण त्याच्या एका वर्षाइतका, पुढे सव्वापट, दीडपट असा तो चढत गेला, आणि प्रत्येक कॉलेजचा दर वेगळा.

वरचेच उदाहरण पुढे नेऊ. मिळकतीचे खरे उत्पन्न १०० पौंड, भाडेकरू भरतो २८, उरले ७२. सव्वापट दराने नजराणा ९० पौंड, सात वर्षांतून एकदा. वर्षाला पडतात १२ पौंड १७ शिलिंग. म्हणजे कॉलेजला त्या 'बारा पौंडांच्या' रेक्टरीतून सरासरी ४१ पौंडांच्या आसपास मिळतात, आणि उरलेले ५९ भाडेकरूच्या घरी जातात. भाडेकरू बहुधा स्थानिक जमीनदार का असे, ते यावरून कळते.

नजराणा पट्ट्याच्या मजकुरात सहसा लिहिलेला नसतो. तो शोधायचा तो नजराण्यांच्या वहीत, कॉलेजच्या ठरावांच्या वहीत, कधी पट्ट्याच्या पाठीवरच्या टिपणात. त्याची वाटणी प्रमुख आणि फेलोंमध्ये होत असल्याने संस्थेच्या जमाखर्चात तो अजिबात नसण्याची शक्यता धरून चला. एकाच वर्षीचा नजराणा त्या वर्षीचे उत्पन्न म्हणून मांडू नका, सातने भागा. आणि दोन नूतनीकरणांमध्ये खरोखर सातच वर्षे आहेत का ते पाहा. भाडेकरू अडचणीत असला किंवा रक्कम पटली नाही तर नऊ-दहा वर्षेही जात, आणि मग नजराणा त्या प्रमाणात जास्त असे.

कागद हाताळताना हेही लक्षात असू द्या की कॉलेजजवळ असलेला पट्टा म्हणजे भाडेकरूने सही केलेली प्रत. कॉलेजच्या मोठ्या शिक्क्याची प्रत भाडेकरूकडे गेलेली असते. ती पेटीत सापडली तर नूतनीकरणाच्या वेळी परत आलेली असते, आणि तिचा शिक्का किंवा सही कापलेली दिसेल. ते नुकसान नव्हे, रद्द केल्याची खूण. पट्टाच नसेल तर पट्ट्यांच्या नकलांची मोठी वही बघा. बहुतेक कॉलेजांनी शिक्का मारलेल्या प्रत्येक कागदाची नक्कल त्यात उतरवून घेतली आहे.

आता पाद्र्याचे उत्पन्न. हे जास्त कठीण, कारण त्याचा हिशेब कॉलेज ठेवतच नसे.

सुरुवात व्हिकरेज स्थापन झाल्याच्या दस्तापासून करा. मोठा दशांश म्हणजे धान्य, वाळलेले गवत, लाकूड, तो रेक्टरचा. लहान दशांश म्हणजे लोकर, कोकरे, अंडी, फळे, मध, भाजीपाला, तो व्हिकरचा, असे पुस्तकी वर्णन आहे. प्रत्यक्षात प्रत्येक गावची वाटणी त्या दस्ताने ठरते. कुठे लोकर रेक्टरकडे, कुठे एखाद्या वाडीचे धान्यही व्हिकरकडे. दस्त कॉलेजमध्ये नसेल तर बिशपच्या रजिस्टरमध्ये असतो. तो वाचल्याशिवाय पुढची कोणतीही यादी कोणाच्या खात्यात टाकायची हे ठरवता येत नाही.

१५३५ सालची आठव्या हेन्रीची मोजणी, जिला राजाची पुस्तके म्हणतात, ती प्रत्येक लिव्हिंगला एक किंमत देते. तिच्यावरून नव्या पाद्र्याकडून पहिल्या वर्षाचे उत्पन्न आणि पुढे दर वर्षी दहावा भाग वसूल होई. हा आकडा नंतर तसाच गोठला. १७५० च्या कागदात 'राजाच्या पुस्तकात ९ पौंड' असे लिहिले असेल तर ते २१५ वर्षांपूर्वीचे माप आहे, उत्पन्न नाही. तरी कॉलेजांना त्याचे महत्त्व होते: फेलोने किती किमतीचे लिव्हिंग स्वीकारले की फेलोशिप सोडावी लागेल, याची मर्यादा पुष्कळ ठिकाणी याच आकड्यांत लिहिलेली असे. त्या काळी लग्न केले की फेलोशिप जाई. लिव्हिंग हाच संसार थाटण्याचा मार्ग होता. लिव्हिंग रिकामे झाले की ते ज्येष्ठतेने विचारले जाई, आणि कोणी नाकारले, का नाकारले, हे ठरावांच्या वहीत सापडते. चार ज्येष्ठांनी नाकारून पाचव्याने घेतलेले लिव्हिंग गरीब होते, हे सांगायला वेगळा आकडा लागत नाही.

१७०४ साली राणी अॅनने तो राजाला मिळणारा पैसा गरीब लिव्हिंगांसाठी सोडला. या निधीला क्वीन अॅन्स बाउंटी म्हणतात. ५० पौंडांखालच्या लिव्हिंगांना पहिल्या वर्षाच्या आणि दशमभागाच्या देण्यातून सूटही मिळाली. बाउंटी सहसा २०० पौंडांच्या हप्त्याने देत, आणि कोणी दात्याने तितकीच भर घातली तर त्या गावाला आधी. हा दाता अनेकदा कॉलेजच असे. लक्षात ठेवा, ते २०० पौंड पाद्र्याच्या हातात पडत नसत. त्यातून जमीन घेत, आणि जमिनीचे भाडे त्याला मिळे. जमीन गावातच मिळेल असे नाही. पाद्र्याच्या उत्पन्नात पंचवीस मैलांवरच्या दुसऱ्याच गावातले शेत आले तर गोंधळू नका, बाउंटीच्या खरेदीखताकडे पाहा. १८०९ पासून पार्लमेंटनेही याच निधीतून वर्षाला एक लाख पौंड अशा ११ खेपा दिल्या. म्हणून १८१० ते १८२० च्या दशकात बऱ्याच छोट्या लिव्हिंगांचे आकडे एकदम उडी घेतात.

पाद्र्याच्या उत्पन्नाचा एक भाग मात्र कॉलेजच्याच पट्ट्यात लपलेला असतो, आणि तो हमखास सुटतो. १६६० नंतर दुसऱ्या चार्ल्सने चर्चच्या संस्थांना आपल्या गरीब व्हिकरांचे उत्पन्न वाढवायला सांगितले, आणि १६७७ च्या कायद्याने अशा वाढी कायम केल्या. वाढ देण्याची सोपी तऱ्हा अशी: रेक्टरीच्या पट्ट्यातच भाडेकरूने व्हिकरला दर वर्षी अमुक पौंड द्यावेत असे कलम घालायचे. पैसा कॉलेजच्या वहीतून जात नाही, व्हिकरच्या यादीत 'कॉलेजकडून' असा दिसतो, आणि संशोधक कॉलेजचा खर्च म्हणून तो शोधत बसतो. १६६० नंतरचा प्रत्येक पट्टा शेवटपर्यंत वाचा. भाडे पट्ट्याच्या सुरुवातीच्या एक-तृतीयांश भागात असते, हे कलम खाली, दुरुस्त्यांच्या आणि कर भरण्याच्या अटींच्या आसपास.

टेरियर हे नाव ऐकून कुत्रा आठवतो, पण इथे ती चर्चच्या जमिनीची यादी. १६०४ च्या चर्च नियमांत तिची सक्ती आहे. प्रत्येक तुकड्याचे क्षेत्र आणि चतुःसीमा: पूर्वेला अमक्याची पट्टी, दक्षिणेला ओढा. आपल्याकडचे जुने खरेदीखत वाचलेल्याला ही भाषा परकी वाटणार नाही. एक एकर म्हणजे चार रूड, एक रूड म्हणजे चाळीस पर्च. जुन्या यादीतला 'एकर' मात्र नेहमी कायदेशीर एकर नसतो. खुल्या, म्हणजे कुंपणाशिवाय पट्ट्यापट्ट्यांनी वाटलेल्या, शेतातल्या एका पट्टीलाही एकर म्हणत. दोन टेरियरांतले क्षेत्र जुळत नसेल तर प्रथम हीच शंका घ्या, चोरीची नंतर. टेरियर चांगली असेल तर ती दशांश कसा देतात तेही सांगते: दूध देणाऱ्या गाईमागे किती पेन्स, बागेबद्दल किती. असे ठरलेले पेन्स एकदा रूढ झाले की ते मोडणे व्हिकरला कोर्टातही फार जड जाई, आणि महागाईत त्याचे उत्पन्न तिथेच अडकून राही.

पत्रांबद्दल सावध राहा. व्हिकर कॉलेजला लिहितो तेव्हा त्याचे उत्पन्न नेहमी कमी असते आणि छत नेहमी गळत असते. कॉलेजने फेलोंना दाखवण्यासाठी केलेल्या लिव्हिंगांच्या यादीत तेच उत्पन्न थोडे गोंडस होते. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी पाद्र्याची स्वतःची दशांशाची वही असते, आणि ती मिळाली तर बाकी सगळे बाजूला ठेवा. ती पुढच्या पाद्र्याच्या उपयोगासाठी लिहिलेली असल्याने खोटे बोलण्याचे कारण कमी.

पाद्र्याच्या घराचे कागद वेगळे काढा. १७७६ च्या गिल्बर्टच्या कायद्याने लिव्हिंगचे उत्पन्न तारण ठेवून घर बांधता येऊ लागले, आणि कॉलेजांना आपल्या लिव्हिंगसाठी बिनव्याजी कर्ज देण्याची मुभा मिळाली. त्यामुळे पुढची अनेक वर्षे पाद्र्याच्या उत्पन्नातून हप्ता जातो; ढोबळ आणि निव्वळ यांतला फरक तिथे. घर पडके ठेवून पाद्री वारला तर नवा पाद्री जुन्याच्या वारसांकडून दुरुस्तीचे पैसे मागे. त्या मोजणीचे कागद म्हणजे घराच्या खोल्याखोल्यांचे वर्णनच.

१८३५ साली छापलेला चर्च-उत्पन्नाच्या आयोगाचा अहवाल हा तुमचा पक्का टेकू. १८२९, १८३० आणि १८३१ या तीन वर्षांची सरासरी, ढोबळ आणि निव्वळ, प्रत्येक लिव्हिंगची. तुमचा १८३० चा हिशेब त्याच्या जवळपास येत नसेल तर काहीतरी सुटले आहे. वरून खाली येण्यापेक्षा १८३० पासून मागे जाणे सोपे.

मग १८३६ चा दशांश रूपांतराचा कायदा. धान्याच्या पेंढ्या जाऊन रोख रक्कम आली, पण ती दर वर्षी बदलणारी. पद्धत अशी: १०० पौंडांचे तीन सारखे भाग करून त्या वेळच्या भावाने धान्य धरले. गहू बुशेलला ७ शिलिंग पाव पेनी, बार्ली ३ शिलिंग साडेअकरा पेन्स, ओट २ शिलिंग ९ पेन्स. म्हणजे ९४.९६ बुशेल गहू, १६८.४२ बुशेल बार्ली आणि २४२.४२ बुशेल ओट. पुढे दर वर्षी मागच्या सात वर्षांच्या सरासरी भावाने या बुशेलांची किंमत काढायची. समजा सरासरी गहू ६, बार्ली ४, ओट ३ शिलिंग आहे. बेरीज येते सुमारे १,९७१ शिलिंग, म्हणजे साडेअठ्ठ्याण्णव पौंड. गावच्या यादीत व्हिकरचे ३०० पौंड लिहिले असतील तर त्या वर्षी त्याला सुमारे २९५ पौंड १२ शिलिंग येणे होते. येणे म्हणतो, कारण त्यातून गरिबांच्या मदतीचा स्थानिक कर आणि वसुलीचा खर्च जायचा आहे. ३०० हाच आकडा १८४० ते १८९० दर वर्षी मांडलेले तक्ते सर्रास दिसतात. १८८० नंतर धान्याचे भाव पडले तेव्हाची पाद्र्यांची ओढाताण अशा तक्त्यांत दिसतच नाही.

नकाशा आणि यादी यांच्या तीन प्रती झाल्या: एक सरकारी, जी आता लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहे, यादी आय आर २९ आणि नकाशा आय आर ३० या क्रमांकाखाली, एक बिशपच्या कार्यालयाची, एक गावची. यादीत रेक्टर म्हणून कॉलेजचे आणि व्हिकरचे रकाने वेगळे असतात. गावाचा नकाशाच नसेल तर बहुधा त्याआधी खुल्या शेतांची वाटणी होऊन दशांशाच्या बदल्यात जमीन दिली गेली. मग वाटणीचा निवाडा शोधा. त्यात कॉलेजला एक तुकडा आणि व्हिकरला दुसरा मिळालेला असतो, आणि कॉलेजच्या वहीत 'दशांश' हा शब्द त्या वर्षापासून गायब होऊन नवे शेत उगवते. उत्पन्न बंद झालेले नाही, नाव बदलले.

गावाच्या चर्चचा स्वतःचा खर्च तिसरीकडेच. वॉर्डनांचे, म्हणजे गावातून निवडलेल्या चर्चच्या कारभाऱ्यांचे, हिशेब: घंटा, दोर, कम्युनियनची भाकरी आणि वाइन, मुख्य सभागृहाचे छत, हे गावकऱ्यांकडून वसूल केलेल्या चर्च-पट्टीतून चाले; तिची सक्ती १८६८ साली गेली. हे कागद कॉलेजमध्ये नाहीत, परगण्याच्या अभिलेखागारात आहेत. फक्त चॅन्सल, म्हणजे वेदीकडचा पूर्वेचा भाग, रेक्टरच्या माथी. अॅडरबरीचे चॅन्सल न्यू कॉलेजने १४०८ ते १४१८ या काळात नव्याने बांधले, रिचर्ड विंचकोम या गवंड्याच्या हातून, आणि त्याचे हिशेब टिकून आहेत. पुढच्या पट्ट्यांत कॉलेजे ही दुरुस्ती भाडेकरूवर ढकलत. म्हणून चॅन्सलवर कॉलेजचा खर्च शून्य दिसला तर दुर्लक्ष झाले असे लगेच म्हणू नका. अट वाचा, मग वॉर्डनांनी आर्चडीकनकडे केलेल्या तक्रारी वाचा.

वाचनातल्या बारीक गोष्टी. १७५१ पर्यंत वर्ष २५ मार्चला सुरू होई. १० फेब्रुवारी १६९८ असे लिहिले असेल तर आपल्या हिशेबाने १६९९. कॉलेजचे हिशेबी वर्ष पुष्कळ ठिकाणी २९ सप्टेंबरच्या मायकेलमसपासून. जुने हिशेब लॅटिनमध्ये आणि रोमन अंकांत. शेवटचा आय जे असा लांबवलेला असतो, आणि अंकावर वर दोन एक्स असतील तर त्याला वीसने गुणायचे: चारावर दोन एक्स म्हणजे ऐंशी. बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड, आठ बुशेलांचा क्वार्टर. सोळाव्या-सतराव्या शतकातले वळण मोडीइतकेच सरावाने सुटते: आधी ठरावीक मजकुराचे पट्टे वाचा, कारण तिथे शब्द कोणता येणार हे माहीत असते, मग पत्रांकडे जा.

जमाखर्चाची रीतही वेगळी. बर्सरवर आधी सगळे येणे टाकतात, मागच्या थकबाकीसकट. मग दिलेला आणि माफ झालेला पैसा वजा करतात. शेवटी उरतो तो बर्सरने कॉलेजला द्यायचा आकडा. तो नफा नव्हे, आणि सुरुवातीची बेरीज ही मिळालेली रक्कम नव्हे. पाच वर्षांची जुनी थकबाकी दर वर्षी नव्याने मोजली जाते. तुमच्या तक्त्यात येणे आणि आलेले हे दोन वेगळे रकाने हवेत. त्यांच्या आधी तारीख जशी लिहिली तशी, आपल्या रीतीने तारीख, कॉलेजचे नाते, देणारा, घेणारा, आणि कागदाचा क्रमांक. नात्याचा रकाना रिकामा ठेवून पुढे जाऊ नका.

काळाच्या शेवटी जपून. १८५८ आणि १८६० च्या कायद्यांनी कॉलेजांना मिळकत विकायला आणि नजराणे सोडून देण्यासाठी कर्ज काढायला परवानगी दिली. मग पट्टे संपू दिले, नजराणा बंद झाला आणि पूर्ण भाडे सुरू झाले. बर्सरच्या वहीत उत्पन्न एकदम तिप्पट-चौपट वाढल्यासारखे दिसते. त्यात पूर्वी वहीबाहेर असलेला पैसा बराच आहे. १८७१ सालची स्थिती मांडणारा १८७४ चा सरकारी अहवाल त्या बदलाच्या मध्यावरचा आहे, तेव्हा त्याची तुलना १८३० शी करताना नजराण्याची सरासरी आधी १८३० मध्ये मिळवून घ्या. आणि १८६८ नंतर 'कायम क्युरेट' जाऊन 'व्हिकर' आला तर पगारवाढ शोधू नका. त्या वर्षीच्या कायद्याने फक्त हुद्द्याचे नाव बदलले.

तुमच्या पेटीत आज करायचे काम एवढेच: १६६० नंतरचा पहिला पट्टा काढा, व्हिकरला द्यायच्या पैशाचे आणि चॅन्सलच्या दुरुस्तीचे कलम शोधा, आणि पट्टा उलटवून त्याच्या पाठीचाही फोटो घ्या.